जुन्या फियाटच्या दारांना आतून नवी पॅनल्स बसवताना

पॅनल खालून फुगलेलं, रेक्झिन सुटून लोंबणारं, आणि मागचा हार्डबोर्ड हात लावताच भुगा होऊन गळणारा. मुंबईतल्या बहुतेक जुन्या फियाट ११०० आणि प्रीमिअर पद्मिनींची दारं आतून अशीच दिसतात. कुशनवाला नवा बोर्ड कापतो, नवं रेक्झिन चढवतो, गाडी आतून उजळते, आणि दोन पावसाळे गेले की पुन्हा तेच. याचं कारण रेक्झिनमध्ये नसतं. पॅनल मागच्या बाजूने भिजतं, आणि ती मागची बाजू एकदा पॅनल बसवलं की कुणी बघत नाही.

आधी दारात पाणी कसं खेळतं ते समजून घ्या. काचेवर पडलेला पाऊस काचेवरून ओघळतो आणि बाहेरच्या रबरपट्टीच्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरतो. रबर नवं असलं तरी थोडं पाणी आत जातंच. दार बनवतानाच ते गृहीत धरलेलं असतं, म्हणून दाराच्या तळाला पाणी बाहेर पडायला छिद्रं ठेवलेली असतात. पोकळीतलं हे पाणी आणि पॅनल यांच्यामध्ये कारखान्यातून आलेल्या गाडीत मेणकागद, डांबरी कागद किंवा प्लास्टिकचा पडदा असतो. चाळीस-पन्नास वर्षांत तो फाटतो, किंवा काच वर-खाली करणारी मशीन दुरुस्त करताना मेकॅनिक तो ओढून काढतो आणि परत लावत नाही. तिथून बोर्ड भिजायला सुरुवात होते. म्हणून या कामातला अर्धा वेळ पॅनल हातात घेण्याआधीच गेला पाहिजे.

मोसमाचंही भान ठेवा. हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करावं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की बोर्ड ती पितो आणि गोंद नीट धरत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

जुनं पॅनल काढणं

काच पूर्ण वर घ्या आणि काच फिरवायचं हँडल कोणत्या दिशेला थांबलं आहे त्याचा फोटो काढा. आतलं दार उघडायचं हँडल, आर्मरेस्ट, लॉकची खुंटी, कडेच्या पट्ट्या, सगळ्यांचे फोटो हवेत. हँडल काढताना जोर लावण्याआधी ते कशाने धरलं आहे ते पाहा. काही हँडलना मधोमध स्क्रू असतो. काहींच्या मागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंग क्लिप असते. हँडल आणि त्यामागची चकती यांच्या फटीत जुन्या सुती कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं मागे-पुढे ओढली की ती क्लिप निसटून बाहेर येते. काहींना आडवी पिन असते. तिथे चकती पॅनलच्या दिशेने दाबून धरायची, म्हणजे पिनेचं टोक दिसतं, आणि ती बारीक पंचने ठोकून काढायची. पिन एका बाजूला किंचित बारीक असू शकते, म्हणून बारीक टोकाकडून ठोका. उलट ठोकली तर ती आणखी घट्ट बसते, आणि कधीकधी जस्ताच्या ओतीव हँडलचा कानच तुटतो.

पॅनल मधून धरून ओढू नका. रुंद पातळ पट्टी, पुट्टी लावायची चालेल, पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये घाला आणि पॅनल पत्र्याला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी उचका. क्लिपपासून चार बोटं लांब उचकलं तर क्लिप दारात राहते आणि बोर्डाचं भोक फाटतं.

जुनं पॅनल कितीही कुजलेलं असलं तरी टाकू नका. मागे मार्करने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिहा, आणि प्रत्येक दाराचे स्क्रू, कप वायसर (स्क्रूच्या डोक्याखालच्या वाटीसारख्या चकत्या), हँडल वेगळ्या पिशवीत ठेवा. डाव्या दाराचं पॅनल उलटं करून उजव्याचा साचा बनवायचा मोह होतो. नव्या गाडीत ते चाललं असतं, पण इतक्या वर्षांत डेंटरने दोन्ही दारं वेगवेगळी ठोकलेली असतात. साचा ज्याच्या त्याच्या दारावरूनच घ्यावा.

दार आतून तयार करणं

पोकळीच्या तळाशी चिखल, पानं, गंजाचे पापुद्रे आणि जुन्या फोमचा भुगा मिळून एक थर बसलेला असतो. तो पूर्ण खरवडून काढा, तळाची छिद्रं जाड तारेने मोकळी करा. रंगाऱ्याने ती पुट्टीने किंवा रंगाने बुजवलेली अनेकदा सापडतात. मग परीक्षा: काच वर असताना बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओता. पाणी लगेच खालून धारेने आलं पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर अजून काहीतरी अडलेलं आहे.

गंज घासून निखळ पत्रा लागेपर्यंत या, गंजरोधक लावा, वर रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर आणि रंग. तळाच्या शिवणीत, जिथे बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो, पोकळीत मारायचं मेण नळीने सोडा. छिद्रं मेणाने बंद झाली नाहीत ना, हे नंतर पुन्हा तारेने तपासा. समुद्राची खारी हवा या शिवणीवरच आधी हल्ला करते.

काचेची मशीन, लॉक आणि काचेच्या चॅनलमधली नमद्याची पट्टी आत्ताच ठीक करा. ग्रीस लावा, काच किमान वीस वेळा वर-खाली करा, दार आतून-बाहेरून उघडून बघा, पुढच्या तिकोनी काचेची पकड तपासा. पॅनल बसल्यावर मशीन अडकली तर सगळं उलटं करावं लागतं. बाहेरची रबरपट्टी कडक होऊन काचेपासून सुटली असेल तर तीही आत्ताच बदला.

शेवटी क्लिपांची भोकं. ड्रिलचे बिट एकेक घालून प्रत्येक भोकाचा व्यास मोजा आणि दारावरच मार्करने लिहा. गंजाने एखादं भोक मोठं झालं असेल तर तिथे क्लिप कधीच धरणार नाही. मोठी क्लिप ठोकून घालण्यापेक्षा वेल्डरकडून भोक भरून घेऊन नव्याने पाडणं चांगलं. एका दाराला साधारण १२ ते १८ क्लिपा लागतात. चार दारांसाठी मोजून होतील त्यापेक्षा दहा-पंधरा जास्त घ्या, कारण बसवताना काही वाकतातच.

पाण्याचा पडदा

हा भाग घाईने करू नका. २०० मायक्रॉनचं पॉलिथिन घ्या. दुकानात गेजमध्ये मागायचं असेल तर ८०० गेज म्हणजेच २०० मायक्रॉन. पातळ प्लास्टिक वाऱ्याने फडफडतं आणि क्लिपांवर फाटतं.

पडदा दाराच्या आतल्या पत्र्यावर धरा आणि चारही बाजूंनी पॅनलच्या कडेपेक्षा थोडा आत राहील असा कापा. फक्त खालची बाजू १० ते १२ सेंमी जास्त ठेवा. ही जास्तीची पट्टी पत्र्याच्या खालच्या मोठ्या खाचेतून दाराच्या पोकळीत जाते. पडद्यावर आदळलेलं पाणी ओघळत खाली येतं आणि या पट्टीवरून परत पोकळीत पडून छिद्रांतून बाहेर जातं. खालची कड पत्र्याच्या बाहेर, म्हणजे पॅनलच्या बाजूला राहिली, तर सगळं पाणी बोर्डाच्या पायाशी साठतं. पॅनल खालून फुगण्याची इतकी साधी चूक दुसरी नाही, आणि चांगल्या गॅरेजमधून आलेल्या गाड्यांतही ती सापडते.

चिकटवायला ब्यूटाइल टेप सर्वांत उत्तम. ती वाळत नाही, आणि पुढे मशीन दुरुस्त करायची वेळ आली तर सोलून परत लावता येते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि त्याखालचा पत्रा गंजतो. हँडलच्या दांड्यांसाठी गोल भोक न पाडता फुलीसारखा छोटा काप द्या, म्हणजे प्लास्टिकच्या जिभा दांडीला चिकटून राहतात. क्लिपांच्या भोकांवर पडदा येत असेल तर भोकाभोवती टेपचं कडं करून मगच छेद द्या.

बोर्ड

३ मिमी जाडीचा, तेल पाजलेला हार्डबोर्ड घ्या. ८ बाय ४ फुटी एका शीटचे चार भाग केले की प्रत्येक भाग १२२ बाय ६१ सेंमीचा होतो, आणि या गाडीचं एक पॅनल त्यात आरामात बसतं. मात्र एखादं पॅनल चुकण्याची शक्यता धरून अर्धं शीट जास्त ठेवावं. एमडीएफ स्वस्त आणि कापायला मऊ असतं, पण पाणी लागलं की पावासारखं फुगतं; ते दारात कधीही नको. ४ मिमी मरीन प्लाय टिकतं, पण एका मिलिमीटरच्या जास्त जाडीमुळे क्लिपांचे पाय पत्र्यात पूर्ण शिरत नाहीत. प्लास्टिकच्या शीटला पाण्याची भीती नाही; मात्र मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती दोन क्लिपांच्या मध्ये फुगवटा धरते. नीट सील केलेला हार्डबोर्डच आम्हाला पसंत आहे. मूळ गाडीतही तोच होता.

शीट आणून लगेच कापू नका. जिथे काम करणार तिथे दोन-तीन दिवस आडवं ठेवा. मग जुन्या पॅनलवरून आणि दारावर धरलेल्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून आकार घ्या. रेक्झिन कडेवरून मागे वळतं, त्याची जाडी धरून बोर्ड सर्व बाजूंनी दीड ते दोन मिमी लहान कापा. हे विसरलं तर पॅनल दाराच्या कडेच्या रबराला घासतं आणि दार बंद व्हायला जड जातं. जिगसॉला बारीक दातांचं पातं लावा आणि गुळगुळीत बाजू खाली ठेवा, कारण पातं वर येताना कापतं आणि वरच्या बाजूचे पापुद्रे उडतात.

क्लिपांची जागा ठरवणं हे नाजूक काम. पत्र्यावरच्या प्रत्येक भोकाभोवती ओल्या खडूची पेस्ट लावा, बोर्ड नेमक्या जागी धरून तळव्याने दाबा, मागे ठसे उमटतात. मूळ बोर्डात क्लिपचं भोक किल्लीच्या भोकासारखं असतं: मोठ्या भागातून क्लिपचं डोकं आत जातं आणि मग ती अरुंद भागात सरकते. क्लिपचा पाय अरुंद भागात आल्यावर पत्र्याच्या भोकासमोर आला पाहिजे. ठसा म्हणून अरुंद भागाचा, मोठ्या भागाचा नव्हे. अरुंद भाग कडेला समांतर, एक-दोन मिमी जास्त लांब ठेवा, म्हणजे बसवताना क्लिप थोडी सरकवून जुळवता येते. हँडलच्या दांडीचं भोक तिच्या चकतीपेक्षा नक्की लहान हवं, नाहीतर फट उघडी दिसते.

आता कोरडी जुळणी. क्लिपा घालून उघडा बोर्ड दारावर बसवा, दार लावा-उघडा, हँडल घालून बघा. जे चुकलं आहे ते इथे दुरुस्त होतं. रेक्झिन चढल्यावर होत नाही.

मग सीलर. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलर किंवा वॉर्निश दोन्ही बाजूंना दोन हात मारा. कडा आणि भोकांच्या आतल्या भिंतींना तीन. बोर्ड पाणी पितो तो मुख्यतः कापलेल्या कडांतून. एकच बाजू सील केली तर दुसरी बाजू हवेतली ओल घेऊन फुगते आणि बोर्ड परातीसारखा वाकतो. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) सँडिंग सीलर टाळा, कारण वर लावायच्या गोंदातलं द्रावण त्याला विरघळवतं आणि सगळा थर निघून येतो. पीयू तीन-चार दिवस पूर्ण पक्कं होऊ द्या, आणि गोंद लागणारी बाजू १२० नंबरच्या पेपरने हलकी खरवडा.

फोम आणि रेक्झिन

मऊ पिवळा पीयू फोम मुंबईच्या दमट उन्हात काही वर्षांत चिकट होतो, मग त्याची पूड होते. त्याऐवजी बंद पेशींचा क्रॉसलिंक फोम घ्या, ३ मिमी. तो पाणी धरत नाही. मूळ पॅनलचा मऊपणा त्यात थोडा कमी असतो, हे खरं. पण जाडी वाढवून मऊपणा मिळवायला जाऊ नका. ८-१० मिमी फोम घातला की हँडलची दांडी पॅनलच्या बाहेर पुरेशी येत नाही, दांडीवरचे दात हँडलला अर्धेच धरतात आणि काही महिन्यांत हँडल नुसतं गरगर फिरायला लागतं. विंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असणं महत्त्वाचं मानलं आहे. तेव्हा रेक्झिनखाली न दिसणारा फोम चांगल्या जातीचा घालायला काहीच हरकत नाही.

रेक्झिन गाडीच्या सीटचंच, मागे विणलेल्या कापडाचं, साधारण १ मिमी जाड घ्या. ५४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं. तीन मीटर एकाच लॉटमधून घ्या, कारण पुढच्या लॉटचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाही. चारही पॅनल्सवर दाणा एकाच दिशेने आला पाहिजे, उभा तर चारहीवर उभा. जुन्या पॅनलवर दाबून उमटवलेल्या रेघा असतील तर त्या जागी शिलाई मारता येते. शिलाई रेक्झिन आणि फोम एकत्र धरून, बोर्डाला चिकटवण्याआधी मारायची: टाका ४-५ मिमी, धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती धागा कुजतो.

गोंद सिंथेटिक रबराचा, फेविकॉल एसआर जातीचा. पांढरं फेविकॉल इथे चालत नाही. ते पाण्यात मुरलेलं असतं आणि ओलीने पुन्हा मऊ पडतं. चार दारांना दोन्ही थर धरून दीड ते दोन लिटर लागतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या आणि १०-१५ मिनिटं थांबा. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटू नये. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट दिवशी त्या थंड थरावर हवेतली वाफ बारीक दव होऊन बसते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण चिकटलेलं रेक्झिन आठवड्याने सुटतं. पावसाळ्यात हे काम न करण्याचं कारण हेच.

आधी फोम बोर्डाला, मग रेक्झिन फोमला. शिलाई आधी मारली असेल तर दोन्ही एकत्रच बोर्डावर. मध्यरेषेपासून सुरुवात करा आणि हात बाहेरच्या दिशेने फिरवत जा. ताणू नका, फक्त सुरकुती काढा. ताणून लावलेलं रेक्झिन उन्हात आकसतं आणि बोर्डालाच धनुष्यासारखं वाकवतं. मग वरच्या क्लिपा एकेक करून सुटतात आणि सगळे क्लिपांना दोष देतात. मागे वळवायला २५ ते ३० मिमी ठेवा. गोल कोपऱ्यावर व्हीच्या आकाराचे काप द्या, पण कडेपासून ३ मिमी अलीकडेच थांबा. कोपरा ऐकत नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरची ऊब पुरते. मागे स्टेपल मारू नका, ६ मिमीचा पाय ३ मिमीच्या बोर्डातून आरपार समोर येतो.

चमकती पट्टी असेल तर तिचे पत्र्याचे कान बोर्डातून मागे काढून दुमडतात. त्या कानांवर कापडी टेप लावा, नाहीतर ते पाण्याचा पडदा कापतात.

बसवणं

प्रत्येक क्लिपला ग्रीसचा ठिपका लावा. क्लिप सहज शिरते, गंजत नाही, कुरकुरत नाही. वरच्या कडेला काचेखालच्या पट्टीत अडकवायची जीभ असेल तर ती आधी घाला, नसेल तर वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरू करा. प्रत्येक क्लिप भोकासमोर आली आहे हे कडेच्या फटीतून टॉर्चने पाहा आणि मगच नेमक्या क्लिपवर तळव्याने दाबा. ठक असा आवाज यायला हवा. आवाज न येता पॅनल खाली बसलं तर क्लिप भोकाबाहेर वाकली आहे. तिथेच थांबा आणि काढून सरळ करा.

हँडलसाठी रेक्झिनला काप आता द्यायचा, आधी नाही. बोटाने दांडी चाचपा, टोकावर छोटी फुली कापा आणि दांडी बाहेर घ्या. आर्मरेस्टच्या स्क्रूंची भोकं टोचणीने शोधा. हे स्क्रू लावताना काच पूर्ण वर ठेवा, स्क्रू जुन्याएवढ्याच लांबीचे वापरा, आणि काच हळूच वर-खाली करून बघा. लांब स्क्रू काचेवर ओरखडा पाडतो, किंवा काच उतरताना तिच्या कडेला लागून ती फोडतो. हँडल फोटोतल्या कोनात बसवा. डाव्या-उजव्या दारांचे कोन आरशातल्यासारखे जुळले की काम नीट झालेलं दिसतं.

स्क्रू, कप वायसर, बोल्ट यांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुनी हँडल्स आणि चकत्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. हँडल घेताना स्वतःच्या गाडीची दांडी किंवा जुनं हँडल बरोबर न्या आणि दात जुळवून पाहा. नुसत्या दिसण्यावरून घेतलेलं हँडल दोन दात कमी-जास्त निघू शकतं.

सगळं बसल्यावर दार बंद करून, काच वर ठेवून, पाइपने दहा मिनिटं काचेवर पाणी सोडा. आत पॅनलच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राच्या घड्या खोचून ठेवा. पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर पडताना दिसलं पाहिजे आणि कागद कोरडा निघाला पाहिजे. कागद एकाच जागी ओला झाला असेल तर त्याच्या वरच्या रेषेत पडद्याची टेप सुटलेली असते किंवा क्लिपचा छेद उघडा राहिलेला असतो. तेवढ्याच भागातल्या चार क्लिपा काढून टेप पुन्हा दाबा. गाडी सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी राहत असेल तर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ते रात्रभराची ओल आतच कोंडतं. कापडी कव्हर घाला, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की चारही दारं तासभर उघडी ठेवा. जूनच्या पहिल्या सरींआधी दरवर्षी तळाच्या छिद्रांतून तार फिरवा.